दोन्हीकडून सारखंच

बटाटे काढणीला आले त्याच आठवड्यात आभाळ भरून यायला लागलं. सकाळी लख्ख ऊन असे. दुपारनंतर टेकडीमागून ढग चढत, आणि संध्याकाळी सगळ्यांचा जीव टांगणीला लावून तसेच निघून जात. एकदा पाणी सरीत उतरलं की बटाटा जमिनीतच नासणार, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. म्हणून मजूर बायांच्या जोडीला घरातली होती नव्हती ती माणसं शेतात उतरली. थोरला भाऊ, त्याची बायको, त्यांची लेक गोटी, धाकटा भाऊ, आणि शाळा भरायच्या आधी दोन तास धाकट्याची बायकोसुद्धा.

ही धाकटी गावातल्या शाळेत गणित शिकवायची. शाळेत तिला सगळे बाई म्हणत. शेतात मात्र बाईपण बांधावर ठेवून ती खाली उतरे. पदर कमरेला खोचून ट्रॅक्टरने उलटवलेल्या सरीत बसायचं, मातीत बोटं घालून बटाटे उकरायचे, फुटका एकीकडे, अखंड टोपलीत, आणि टोपली भरली की गोणीत. नंतर विहिरीवर हात धुवून, साडी झटकून शाळेची वाट धरायची. नखांत माती राहायचीच. फळ्यावर लिहिताना ती तिची तिलाच दिसायची आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

शाळा सातवीपर्यंतच होती. पुढे आठवीला पोरांना नदीपलीकडच्या मोठ्या शाळेत जावं लागे. त्या शाळेने यंदा नवीनच काढलं होतं. ज्यांना बीजगणिताची समज आहे त्यांना थेट आठवीत घेणार, बाकीच्यांनी एक वर्ष तयारीच्या वर्गात काढायचं. कोण कुठे जाणार हे गावच्या शाळेने कळवायचं होतं. नुसते गुण पाठवू नका, असंही त्यांनी बजावलं होतं. मूल विचार कसा करतं ते बघा आणि मग कळवा.

थोरल्याने त्याचा निकाल आधीच लावून टाकला होता. जेवायला बसल्यावर तो म्हणाला होता, की गोटी थेट आठवीत गेली तर खुशाल जाऊ दे, मी आडवा येणार नाही. पण एक वर्ष तयारीत घालवायचं असेल तर ते शेतात घालवलेलं बरं, निदान चार टोपल्या तरी भरतील. जाऊबाईंनी धाकटीकडे एकदा पाहिलं फक्त. आपल्या घरचीच बाई पेपर तपासणार, मग घोर कसला, असं त्या नजरेत होतं.

गोटी होतीही तशी तल्लख. बुटकी, गोल चेहऱ्याची, एका जागी न ठरणारी. तोंडी हिशेबात वर्गात तिचा हात कुणी धरू शकत नसे. प्रश्न पुरा व्हायच्या आत तिचे ओठ हलायला लागायचे.

बाईंनी तराजूची गणितं काढली. एकेका प्रश्नात तराजूचं चित्र, दांडी सरळ. डाव्या पारड्यात पाच पिशव्या आणि तीन किलोची वजनं, उजव्या पारड्यात दोन पिशव्या आणि एकवीस किलोची वजनं. सगळ्या पिशव्या सारख्या. एक पिशवी किती किलोची? अशी सोपी, अवघड, मिळून मिसळून गणितं. गोटीने सगळी सोडवली, सगळी बरोबर, आणि सगळ्यांच्या आधी. तिच्या मागच्या बाकावर ट्रॅक्टरवाल्याची लेक बसायची. उंच म्हणून तिला लंबू म्हणत. तिचं हेच गणित चुकलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी एकेकाला ग्रंथालयाच्या खोलीत बोलावलं. खोलीत एक कपाट, एक टेबल आणि पाय हलणाऱ्या दोन खुर्च्या होत्या. प्रत्येकाला त्यांनी एकच विचारलं, हे कसं काढलंस ते मला सांग.

लंबू बराच वेळ चित्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, की दोन पिशव्या दोन्हीकडे आहेत, त्या दोन्हीकडून उचलल्या. डावीकडे तीन पिशव्या राहिल्या. मग तीन किलो दोन्हीकडून काढले. तराजू हलला नाही. आता तीन पिशव्या म्हणजे उरलेली वजनं. तिथे तिने एकवीसातून तीन काढून एकोणीस उरवले होते, आणि पुढचं सगळं बिघडलं होतं. वजाबाकी पुन्हा करायला सांगितल्यावर तिने जीभ चावली आणि सहा म्हणाली.

गोटीला त्यांनी तेच विचारलं.

"पिशवी दहाची धरली," गोटी म्हणाली, "तर डावी बाजू खाली गेली. मग पाचची धरली, तर उजवी खाली गेली, पण थोडीच. मग सहा घातली. बसलं."

"दुसरं कसं काढलंस?"

"तसंच. सगळी तशीच काढली."

बाईंनी कोऱ्या कागदावर नवीन तराजू काढला. डावीकडे दोन पिशव्या आणि तीन किलो. उजवीकडे दोन पिशव्या आणि पाच किलो. पिशवी किती किलोची असली तर हा सरळ राहील, असं विचारलं. गोटीचे ओठ हलायला लागले. एक घालून बघितला, दहा घालून बघितला, मग पन्नास. उजवी बाजू दर वेळी खालीच जात होती. शंभर घातल्यावर तिने मान वर केली. कपाळावर घाम आला होता. "मोठा आकडा लागेल, बाई," ती म्हणाली. "मला थोडा वेळ द्या."

बाईंनी कागद तिच्याजवळच ठेवू दिला.

हेडमास्तरांना त्यांनी सगळं सांगितलं तेव्हा ते चष्मा पुसत ऐकत होते. उत्तरं बरोबर असताना पोरीला तयारीच्या वर्गात का टाकायचं, हे त्यांना पटेना. बाई म्हणाल्या, की आठवीत पिशवीच्या जागी अक्षर येईल, वजा संख्या येतील, अपूर्णांक येतील. तिथे ही आकडे घालत बसली की दिवाळं निघेल, आणि ही हुशार आहे म्हणून कुणी तिला मागचं समजावायला बसणार नाही. लंबूला वजाबाकी चार दिवसांत पक्की करता येते. हिला अजून तराजूच दिसलेला नाही.

"घरी काय सांगाल?" हेडमास्तरांनी विचारलं.

"हेच सांगीन," बाई म्हणाल्या. "फक्त एक करू. ज्यांची रीत बसलेली नाही त्या सगळ्यांना काढणी झाल्यावर पुन्हा एकदा बोलवू. आणि गोटीला तेव्हा तुम्ही बघा, मी नाही. मी तिची काकू आहे."

हेडमास्तर हो म्हणाले. फक्त, 'कसं' हे कसं विचारायचं ते मला आधी शिकवा, अशी अट त्यांनी घातली. मग दोघं बराच वेळ तिथेच बसले आणि बाईंनी त्यांना कुठे बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं ते सांगितलं.

घरी तिने त्याच संध्याकाळी सांगून टाकलं. थोरल्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"सगळी उत्तरं बरोबर?"

"सगळी बरोबर, भाऊजी."

"आणि ट्रॅक्टरवाल्याच्या पोरीचं चुकलं, तरी ती पास?"

"तिची रीत बरोबर आहे."

त्या दिवसापासून घरातली हवा पालटली. जाऊबाईंनी अबोला धरला. सकाळचा चहा आधी दोघी मिळून घ्यायच्या, आता धाकटी उठेपर्यंत पातेलं घासून पालथं घातलेलं असायचं. शेतात थोरला मजूर बायांसमोर म्हणायचा, "बाईंना मधली सरी द्या. त्या रीत बघून वेचतील." बाया तोंड फिरवून हसायच्या. त्यांतल्या दोघींची पोरं तिच्याच वर्गात होती, त्यांना हसावं की नाही हे कळायचं नाही. धाकटी सरीत बसे आणि वेचत जाई. कंबर दुखायची, गुडघ्यांना खडे टोचायचे, पण हात चालूच असायचे. एकदा तिच्या टोपलीत फुटका बटाटा सापडला तेव्हा थोरल्याने तो उचलून सगळ्यांना दाखवला. तिने तो त्याच्या हातातून घेतला, फुटक्यांच्या ढिगात टाकला आणि पुढची सरी धरली.

रात्रीच्या जेवणानंतर नवऱ्याने हळूच विचारलं, की एक शेरा बदलला तर काय आभाळ कोसळणार आहे? ती म्हणाली, की नाही कोसळणार. गोटीवर मात्र पुढच्या वर्षी कोसळेल, आणि तेव्हा आपण कुणी तिच्याजवळ नसू. नवऱ्याने कूस बदलली. सकाळी मात्र चहाचं पातेलं त्याने स्वतः चुलीवर ठेवलं आणि दोन कप भरले.

त्याच दिवशी शेडमध्ये माल मोजायला काढला होता. छताच्या आडव्या वाशाला मोठा काटा टांगलेला होता. एका पारड्यात गोणी, दुसऱ्यात वजनं. थोरला मोजत होता आणि गोटी वजनं देत होती. थोरला म्हणे वीस टाक. काटा झुके. काढ, पाच टाक. अजून दोन टाक. एक काढ. गोटीचे हात यंत्रासारखे चालत होते. बापाने मागायच्या आत नेमकं वजन तिच्या हातात असायचं. लहान होती तेव्हापासून ती इथे उभी राहत होती.

धाकटी सुतळीने गोण्यांची तोंडं शिवत बसली होती. दाभण हातात तसंच राहिलं. ती इतके दिवस समजत होती, की पोरगी अंदाजाने उत्तरं ठोकते आहे. पोरगी ठोकत नव्हती. ती मोजत होती. या काट्यावर गोण्या कधी दोन्हीकडे नसतातच. एकीकडे माल, दुसरीकडे वजनं, आणि दांडी सरळ होईपर्यंत टाकायचं आणि काढायचं. मोजायचं असेल तर हीच पद्धत बरोबर होती. गोटीने तीच उचलून कागदावर नेली होती. तिची चूक नव्हती, आणि तिला समजही कमी नव्हती. तिला फक्त असा तराजू कधी भेटला नव्हता, ज्यात वजन टाकून भागत नाही.

धाकटीला त्या क्षणी उठून हे सगळं तिला सांगावंसं वाटलं. पण सांगितलं तर ती काकूचं ऐकेल, काकूची रीत पाठ करेल आणि हेडमास्तरांपुढे म्हणून दाखवेल. तिने दाभण पुन्हा गोणीत खुपसलं. पोरीच्या झग्याच्या खिशात घडी केलेला तो कागद होता, हे गोटी वजन घ्यायला वाकली तेव्हा तिला दिसलं होतं. तेवढं पुरे होतं.

गोटी काकूशी बोलत नव्हती. आईनेच तसं बजावलं असावं. पण सरीत बसून वेचताना तिचे ओठ हलत असत. हजार घालून बघितले असतील, लाख घातले असतील. एके दुपारी तिने टोपलीत दोन्ही हातांनी बटाटे टाकताना मध्येच हात थांबवले आणि नुसतीच बसून राहिली. आईने लांबून हाक मारली, तरी ती हलली नाही. मग एकदम वेचायला लागली, पण ओठ बंद.

संध्याकाळी ढग पार डोक्यावर आले होते. गोण्यांवर ताडपत्री ओढायची घाई चालली होती. एका कोपऱ्याला धाकटी होती, दुसऱ्या कोपऱ्याला गोटी येऊन उभी राहिली. वारा ताडपत्री हातातून ओढून नेत होता. दोघींनी ती खाली दाबून धरली, वर दगड ठेवले.

"काकू," गोटी म्हणाली, "ते गणित कधीच बसणार नाही."

"किती आकडे घालून बघितलेस?"

"घालायचं बंद केलं."

धाकटीने हातातला दगड ठेवला. "मग कसं कळलं?"

"पिशव्या दोन्हीकडे दोनच आहेत ना. त्या असल्या काय, नसल्या काय. दोन्हीकडून उचलून टाकल्या. खाली तीन आणि पाच उरले. तीन आणि पाच सारखे कसे होतील? पिशवीत काही का असेना." तिने कडेवर आणखी एक दगड ठेवला. "तुम्ही मला खोटं गणित दिलंत."

"खोटं नाही दिलं. उत्तर नसलेलं दिलं."

गोटीने नाक फुगवलं. रागही होता आणि हसूही येत होतं. मग तिने दुसरंच विचारलं, की पाच पिशव्यांच्या त्या गणितातसुद्धा असंच करता आलं असतं का? धाकटी म्हणाली, करून बघ. ताडपत्रीच्या कडेला उकिडवी बसून पोरीने मातीत बोटाने रेघा ओढल्या, पुसल्या, पुन्हा ओढल्या. पावसाचे चार टपोरे थेंब पडले आणि थांबले. "सहाच," ती म्हणाली. "दहा नाही, पाच नाही, एकदम सहाच."

ढग त्या दिवशीही तसेच निघून गेले. आणखी दोन दिवसांत शेवटची सरी उलटली आणि शेत रिकामं झालं.

दुसऱ्या फेरीला रीत न बसलेली सगळी मुलं आली होती. बाईंनी बाकीची घेतली. गोटीला हेडमास्तरांनी ग्रंथालयाच्या खोलीत नेलं आणि दार उघडंच ठेवलं. बाई पलीकडच्या वर्गात बसल्या होत्या. तिथून शब्द कळत नव्हते, फक्त हेडमास्तरांचं खोकणं ऐकू येत होतं. समोर बसलेल्या मुलाने आपलं गणित दोनदा सांगितलं तेव्हा कुठे ते बाईंच्या डोक्यात शिरलं.

आत काय झालं ते हेडमास्तरांनी नंतर सांगितलं. पहिलं गणित त्यांनी मुद्दाम असं दिलं होतं, की आकडे घालून हाती काही लागू नये. डावीकडे चार पिशव्या आणि एक किलो, उजवीकडे एक पिशवी आणि अकरा किलो. गोटीने एक पिशवी दोन्हीकडून उचलली, एक किलो दोन्हीकडून काढला, आणि म्हणाली, तीन पिशव्यांत मिळून दहा. एकीत दहाचा तिसरा हिस्सा. तीन किलो आणि वर थोडं, ते वजन आमच्या काट्यावर नाही, पण कागदावर चालतं ना? हेडमास्तर म्हणाले, चालतं.

दुसऱ्या गणितात ती घसरली. डावीकडे सहा पिशव्या आणि दोन किलो, उजवीकडे दोन पिशव्या आणि तीस किलो. घाईघाईत तिने चार पिशव्या म्हणजे बत्तीस असं म्हटलं आणि आठ उत्तर दिलं. हेडमास्तर गप्प बसले. बाईंनी शिकवलं होतं तसे, चेहऱ्यावर काही न दाखवता. गोटी उठायला निघाली, पण खुर्चीच्या कडेशीच थबकली.

"थांबा," ती म्हणाली. "घालून बघते."

तिने आठ घालून बघितले. डावीकडे पन्नास झाले, उजवीकडे शेहेचाळीस. काटा झुकला. मग ती पुन्हा चित्राकडे वळली, पण आठाचे नऊ किंवा सात करून बघितले नाहीत. आपण कुठे काय केलं ते एकेक पायरी मागे जाऊन तपासत गेली. दोन किलो डावीकडून काढले आणि उजवीकडे टाकले, असं तिचं तिलाच सापडलं. "दोन्हीकडून सारखंच काढायचं होतं," ती म्हणाली, आणि अठ्ठावीस करून सात काढले. सातही घालून बघितले. दोन्हीकडे चव्वेचाळीस. मगच ती उठली.

"मला वाटलं होतं, आकडे घालायची तिची खोड मोडायला हवी," हेडमास्तर म्हणाले. "ती खोड नाही हो. जागा चुकली होती फक्त."

त्यांनी थेट आठवी असा शेरा लिहून खाली सही केली. बाईंनी तो वाचला, आणि घरी न्यायची घाई केली नाही. आधी उरलेल्या मुलांचं संपवलं. दोघांची रीत अजून बसली नव्हती. त्यांना बाईंनी तयारीच्या वर्गाचाच शेरा दिला. त्यांच्या आयांना घरी जाऊन समजावून सांगायचं त्यांनी ठरवलं.

शेडमध्ये माल गाडीत चढत होता. मजूर बाया गोणीच्या दोन टोकांना धरून ती झुलवत वर देत होत्या. थोरला गाडीत उभा राहून गोण्या रचत होता. गोटीने खालूनच बापाला सांगितलं. त्याने गोणी बसवली, घाम पुसला आणि वरूनच विचारलं, की मग आधी काय चुकलं होतं? उत्तरं तर तेव्हाही बरोबर होती.

"तेव्हा मला उत्तर सापडायचं," गोटी म्हणाली. "आता कुठून आलं ते सांगता येतं."

"आणि सापडलंच नाही तर?"

"तर नाहीच आहे, तेसुद्धा सांगता येतं."

थोरल्याला ते पुरतं कळलं असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही, आणि कळलं नाही असंही नाही. खाली धाकटी नवऱ्याबरोबर गोणीचं टोक धरून उभी होती. जाऊबाई पाण्याची कळशी घेऊन आल्या. मजूर बायांना पाणी देऊन झाल्यावर त्यांनी पेला पुन्हा भरला आणि धाकटीपुढे धरला. "आधी पाणी पी," त्या म्हणाल्या. "केव्हाची उभी आहेस."

धाकटीने गोणी खाली टेकवली आणि पेला घेतला.

गाडी भरली, दोर आवळले गेले. थोरला खाली उतरला, कपडे झटकले आणि बायांची हजेरी मांडणाऱ्या मुकादमाला त्याने हाक मारली.

"पुढच्या हंगामाला एक बाई जास्त सांगून ठेव," तो म्हणाला. "वेचायला आमच्याकडे एक हात कमी असेल."